कॉर्फू : डरेल मंडळींच्या बेटावर पाच दिवस

पहिला दिवस : १७ मे

अथेन्सहून विमानाने तासाभरात पोचता आलं असतं. पण हे बेट आम्हाला समुद्रातून वर येताना बघायचं होतं. १९३५च्या वसंतात डरेल मंडळींनी, म्हणजे लेखक जेरल्ड डरेलच्या घरच्यांनी, ते तसंच पाहिलं होतं, इटलीतल्या ब्रिन्दिसीहून निघालेल्या बोटीवरून. म्हणून आम्ही दोघी बहिणी रातभर बसमध्ये बसून इगूमेनित्सा बंदरावर उतरलो आणि सकाळची फेरी पकडली. दीड तासाचा प्रवास. समोर आधी नुसता करडा डोंगर दिसत होता. मग त्यावर हिरवा रंग चढला, आणि मग एकदम जुना किल्ला, घंटाघराचा लाल घुमट, पिवळट-गुलाबी उंच घरं. धाकटी कठड्याशी उभी होती. म्हणाली, "ताई, आईला दाखवायला हवं होतं गं."

आम्ही जमशेदपूरच्या. वडील टिस्कोत, टाटांच्या पोलाद कारखान्यात होते. घरात मराठी, अंगणात हिंदी, शेजारी बंगाली. मी आठवीत असताना वडील गेले आणि आई आम्हा दोघींना घेऊन पुण्याला, माहेरच्या माणसांत आली. पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकताना लायब्ररीत जेरल्ड डरेलचं 'माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स' हाती लागलं. लेखकाचा परिचय वाचला : जन्म १९२५, जमशेदपूर. ती ओळ मी धाकटीला त्याच संध्याकाळी दाखवली. तेव्हापासून कॉर्फूला जायचं हे आमचं ठरलेलं होतं. जायला पंचेचाळीस वर्षं लागली.

ज्यांनी हे पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : इंग्लंडातल्या बोर्नमथच्या ओल्या, करड्या हवेला कंटाळून एक विधवा आई आपली मुलं घेऊन ग्रीसच्या एका बेटावर राहायला जाते. थोरला लॅरी, म्हणजे लॉरेन्स, वय २३, लेखक व्हायला निघालेला. लेस्लीला बंदुकांचं वेड. मार्गो सोळाला टेकलेली. आणि दहा वर्षांचा जेरी, ज्याच्या खिशात विंचवापासून सापापर्यंत काहीही असू शकतं. शिवाय रॉजर नावाचा कुत्रा. चार वर्षं ही मंडळी इथे राहिली आणि १९३९मध्ये युद्धाच्या तोंडावर पांगली. जेरीने ती चार वर्षं १९५६मध्ये पुस्तकात उतरवली, आणि जगाने या घराला 'विक्षिप्त इंग्रज कुटुंब' असं नाव देऊन टाकलं.

या नावाशी माझं भांडण आहे. ते पुढे सांगते.

आज फार फिरलो नाही. खोली गावाबाहेरच्या चढावर, ऑलिव्हच्या बागेला लागून. घरमालकीणबाईंनी दारातच ताटलीतून कुमक्वाट पुढे केले. सुपारीपेक्षा थोडं मोठं संत्रंच ते, सालासकट खायचं. साल गोड, आतला गर आंबट. धाकटीने लागोपाठ पाच खाल्ले.

दुसरा दिवस : १८ मे

सकाळी गावात. बेटाचं ग्रीक नाव केर्किरा. इथे १३८६ ते १७९७ अशी चारशे वर्षं व्हेनिसची सत्ता होती, मग फ्रेंच, आणि १८१५ ते १८६४ इंग्रज. गल्ल्या व्हेनिसच्या आहेत : माणसाच्या दोन हातांएवढ्या रुंद, वर दोऱ्यांवर वाळत घातलेली धुणी, खाली गुळगुळीत झालेले दगड. त्या गल्ल्यांतून बाहेर पडलं की एकदम मोठं मैदान लागतं, स्पियानाडा. त्याच्या एका कडेला फ्रेंचांनी बांधलेल्या कमानींची रांग, लिस्टन, आणि समोर क्रिकेटची खेळपट्टी! इथे पहिला सामना १८२३मध्ये झाला. इंग्रज गेले तरी क्रिकेट राहिलं, आणि 'त्सित्सिबिरा' राहिली, म्हणजे जिंजर बिअर. आल्याचा झणका आणि लिंबू. आमच्याकडच्या आलेपाकाची आठवण झाली.

सेंट स्पिरिडॉनचं चर्च बघायचंच होतं. हा बेटाचा रक्षक संत. त्याचा देह चांदीच्या पेटीत ठेवलेला आहे आणि वर्षातून चार वेळा त्याची मिरवणूक निघते. बेटावरच्या इतक्या पुरुषांची नावं स्पिरो किंवा स्पिरोस आहेत, की बाजारात हाक मारली तर चार माना वळाव्यात. डरेल मंडळींचा टॅक्सीवाला स्पिरोही त्यातलाच. तो अमेरिकेत राहून आलेला, म्हणून गावात 'अमेरिकानोस'. घर शोधण्यापासून कस्टममध्ये अडकलेलं सामान सोडवण्यापर्यंत सगळं त्याने अंगावर घेतलं. परक्या मुलखात असा एक माणूस भेटला की संसार उभा राहतो. आम्हाला पुण्यात असा एक रिक्षावाला भेटला होता. आई त्याला दर दिवाळीला फराळ द्यायची.

चर्चमध्ये अंधार, मेणाचा वास, छताला टांगलेले चांदीचे दिवे. बायका रांगेने पुढे जाऊन पेटीवर ओठ टेकवत होत्या. रांगेतल्या एका आजींनी आमच्याकडे पाहिलं, धाकटीचा हात धरून तिला पुढे घेतलं आणि स्वतःच्या हातातली एक मेणबत्ती तिला दिली. भाषा कुणालाच कुणाची कळत नव्हती. धाकटीने मेणबत्ती लावली, हात जोडले.

किल्ल्यासमोर बोस्केतो नावाची छोटी बाग आहे. २००६पासून तिला डरेल बंधूंचं नाव आहे आणि दोघांचे ब्राँझमधले चेहरे तिथे बसवले आहेत. बाकावर बसून मी धाकटीपुढे माझं भांडण मांडलं.

हे कुटुंब इंग्रज कसलं? आई लुइझाचा जन्म १८८६चा, रुरकीचा. लॉरेन्स जालंधरला जन्मला. चारही मुलं हिंदुस्थानात जन्मली, आणखी एक मुलगी तान्ही असतानाच गेली, तिलाही तिथल्याच मातीत ठेवलं. वडील इंजिनिअर. जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्याचा विस्तार चालू होता, त्यात त्यांच्या कंपनीची बांधकामाची कंत्राटं होती. १९२८मध्ये डलहौसीला ते वारले आणि पन्नाशीकडे निघालेली बाई मुलांना घेऊन 'मायदेशी' गेली. तो मायदेश तिच्या ओळखीचाच नव्हता. तिला भूक लागायची ती करीची, ऊब हवी असायची ती उत्तर हिंदुस्थानातल्या उन्हाची. बोर्नमथच्या शेजाऱ्यांना ही माणसं विचित्र वाटली असणारच. ती तिथली नव्हतीच. ग्रीसला जाणं हे मला त्यांचं वेड वाटत नाही. उन्हात वाढलेली माणसं उन्हाकडे परतली, इतकं सरळ आहे ते.

धाकटी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपली आई आमटीत पाचफोडण घालायची, आठवतं?" आठवतं. मोहरी, मेथी, कलौंजी, जिरं, बडीशेप. आजोळी सगळ्यांनी नाकं मुरडली होती. आई पुण्याला 'इकडे' म्हणायची आणि जमशेदपूरला 'घरी'. शेवटपर्यंत.

दुपारी नव्या किल्ल्याजवळच्या चौकात कॉर्फूच्या ज्यूंचं स्मारक पाहिलं. १९४४च्या जूनमध्ये इथल्या सुमारे दोन हजार ज्यूंना नाझींनी नेलं. परतले ते शेकड्यात मोजण्याइतके. त्याआधी १९४३च्या सप्टेंबरात जर्मन बाँबवर्षावात जुनं गाव जळलं, नाटकगृह आणि ग्रंथालय त्यात गेलं. जेरीच्या पुस्तकातलं बेट वाचताना हे मनात नसतं. तिथे उभं राहिल्यावर मात्र त्या चार वर्षांच्या उजेडाची किंमत कळली.

तिसरा दिवस : १९ मे

कानोनीच्या टोकावरून खाली बघितलं की पोस्टकार्डावरचं दृश्य दिसतं : व्लाहेर्नाचा पांढरा मठ आणि त्यामागे पोंतिकोनिसी, म्हणजे उंदराचं बेट. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला हालिकिओपूलू खाजण, आणि खाजणातून गेलेली विमानतळाची धावपट्टी. विमानं डोक्यावरून इतकी खालून जातात की बोलणं थांबवावं लागतं. खाजणावरचा अरुंद बांध चालत ओलांडला की पेरामा. कुटुंबाचा पहिला, स्ट्रॉबेरीच्या रंगाचा बंगला याच टेकडीवरचा. दुसरा, पिवळा, कोंडोकालीकडे, आणि तिसरा, पांढरा, पुन्हा खाजणाच्या अंगाला. बंगले खासगी मालकीचे आहेत. कुणाच्या फाटकाला लोंबकळायला आम्ही आलो नव्हतो. आम्हाला ऑलिव्हची झाडं हवी होती.

आणि काय झाडं! व्हेनिसच्या राज्यात शेतकऱ्यांना ऑलिव्ह लावण्यासाठी पैसे मिळायचे, त्यातून हे बेट ऑलिव्हने भरलं. इतरत्र छाटून बुटकी ठेवलेली झाडं पाहिली होती, इथली वडा-पिंपळासारखी वाढलेली. खोडं पिळलेली, मधे भोकं पडलेली, इतकी की एका खोडाच्या आरपार धाकटीचा चेहरा दिसत होता. बुंध्याशी काळी जाळी गुंडाळून ठेवलेली. फळं गळायला लागली की ती पसरायची. खाली गुडघाभर गवत, खसखशीची लाल फुलं, आणि पानांतून गाळून आलेलं ऊन.

अकराच्या सुमाराला आवाज आला. ठक. ठक-ठक. कुणी दगडाने बदाम फोडावेत तसा. माणूस कुठे दिसेना. आवाजाच्या रोखाने गवत बाजूला केलं तर दोन कासवं! जमिनीवरची, हर्मनची कासवं, टीचभर. नर मादीच्या मागे धावत होता (धावतच होता, कासव किती चपळ असतं हे अशा वेळी बघावं) आणि आपलं कवच तिच्या कवचावर आपटत होता. मी पोटावर आडवी झाले. पिवळ्या कवचावर शाईने रंगवल्यासारखे काळे पट्टे, प्रत्येक खवल्यावर वाढीच्या बारीक रेघा. शेपटीच्या टोकाला नखासारखा टणक काटा, ही या जातीची खूण. वर्गात तीस वर्षं मी ही खूण फळ्यावर काढत आले होते. मादी मधेच थांबली आणि तिने डँडेलियनचं पिवळं फूल ओढून घेतलं. चावताना करकर आवाज आला. खालच्या जबड्याला फुलाचा रस लागला होता. माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. तिच्या डोळ्याची पापणी खालून वर मिटते, तेही दिसलं. अर्ध्या तासाने दोघं जाळ्यांच्या ढिगामागे गेली.

याच परिसरात जेरीला मातीत रेशमी झाकणाची गोल बिळं दिसली होती, रुपयाएवढी. कुणाची, ते कळेना. म्हणून त्याला डॉ. थिओडोर स्टेफानिडीस यांच्याकडे नेलं गेलं. हा माणूस म्हणजे माझं दैवत. झाकणाची बिळं कोळ्याची आहेत हे त्यांनी दहा वर्षांच्या मुलाला बरोबरीच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, आणि पुढे त्याला खिशातला सूक्ष्मदर्शक भेट पाठवला. डॉक्टर, कवी, डबक्यातल्या सूक्ष्म जिवांचे अभ्यासक. कॉर्फूतलं पहिलं क्ष-किरण यंत्र त्यांनी चालवलं, आणि काही सूक्ष्म जलचरांच्या शास्त्रीय नावांत आज त्यांचं नाव आहे. त्यांचा जन्म १८९६चा, मुंबईचा! वडील मुंबईत राली ब्रदर्समध्ये नोकरीला होते. अकरा वर्षांचे असताना ते कॉर्फूला आले. म्हणजे गुरू मुंबईत जन्मलेला आणि शिष्य जमशेदपूरचा. आमच्या शाळेतल्या मुलांना मी हे दरवर्षी सांगायचे. मागच्या बाकावरचीही मान वर यायची.

रात्री जेवून खोलीकडे चढताना धाकटीने माझा दंड धरला. बागेत काजवे. आधी दोन-तीन, मग डोळे अंधाराला सरावले तसे शेकडो. भंडारदऱ्याला वळवाच्या आधी अख्खं झाड एका तालात उजळतं, तसं हे नव्हतं. इथे प्रत्येक जण आपापला, गवताच्या उंचीवरून, उघडमीट करत जाणारा. एक धाकटीच्या ओढणीवर बसला. हिरवट-पिवळा उजेड कापडातून दिसत होता. वरून शिंगळा घुबडाची शीळ येत होती, एकाच सुरात, दर दोन-तीन सेकंदांनी. जेरीने असलं एक पिल्लू पाळलं होतं. आम्ही साडेअकरापर्यंत पायरीवर बसून होतो.

चौथा दिवस : २० मे

कलामी ईशान्य किनाऱ्यावर आहे. हिरवी बस मुख्य रस्त्यावर सोडते, तिथून वळणावळणाचा उतार. काल ज्यांच्याकडे गाडी ठरवली होती ते सकाळी आलेच नाहीत, फोनही उचलेनात. बस मिळाली ते बरंच झालं, कारण खिडकीतून पान्तोक्रातोरचा डोंगर (९०६ मीटर) पूर्ण बघता आला.

पुस्तकात लॅरी आईजवळ राहतो. प्रत्यक्षात त्याचं लग्न झालं होतं. बायको नॅन्सी चित्रकार होती, आणि दोघं इथे कलामीला, पाण्याला पाय लावून उभ्या असलेल्या पांढऱ्या घरात राहायची. पुस्तकात नॅन्सी नाहीच. गोष्ट घट्ट व्हावी म्हणून जेरीने तिला वगळलं असणार, हे मला समजतं. पण त्या घराच्या भिंतीला हात लावताना वाईट वाटलं. नॅन्सी इथे उठली, बसली, तिने चित्रं काढली, आणि लाखो वाचकांना ती ठाऊकच नाही.

आता तळमजल्यावर खानावळ आहे. टेबलाखाली तीन हातांवर पाणी, इतकं नितळ की तळाशी समुद्री साळूचे काळे गोळे मोजता येतात. समोर दोन-तीन किलोमीटरवर अल्बेनिया. इथेच १९३९मध्ये अमेरिकन लेखक हेन्री मिलर पाहुणा म्हणून आला होता. आम्ही बुर्देतो मागवलं, लाल तिखटातलं मासळीचं कालवण. इथे आल्यापासून पहिल्यांदा जिभेला झणझणीत काही लागलं. धाकटी म्हणाली, "यात कोकम हवं होतं."

दुपारी छोट्या होडीतून सेंट आर्सेनिअसचं देऊळ पाहिलं. देऊळ म्हणजे खडकावरची एक पांढरी खोली, देव्हाऱ्याहून थोडी मोठी. लॅरी आणि नॅन्सी इथे पोहायला यायची, चेरी पाण्यात टाकून बुडी मारून वर काढायची. आम्ही बाजारातून चेरी घेतल्याच होत्या. मी कोकणातल्या विहिरीत पोहायला शिकलेली. पाणी गार होतं, श्वास अडकला, पण तळाशी पडलेली लाल चेरी स्वच्छ दिसत होती. तिसऱ्या बुडीला हाती आली.

पाचवा दिवस : २१ मे

आज बेटाचा सण. १८६४मध्ये याच दिवशी आयोनियन बेटं ग्रीसला जोडली गेली. सकाळपासून स्पियानाडावर बँड. पिसांची पितळी शिरस्त्राणं, घामेजलेले चेहरे, आणि सनई-चौघड्याइतकं मनापासून वाजवणं. संताच्या मिरवणुकीत वाजवायला इंग्रजांनी आपले लष्करी बँड देणं बंद केलं, तेव्हा गावकऱ्यांनी १८४०मध्ये स्वतःची फिलहार्मोनिक काढली. आज आमच्या घरमालकीणबाईंचा नातू तिच्यात क्लॅरिनेट वाजवत होता. बाई आमच्या शेजारी उभ्या राहून रडत होत्या.

संध्याकाळी एकदा खाजणाकडे गेलो. पांढऱ्या बंगल्याखाली व्हेनिसच्या काळची मिठागरं होती, पाटांनी चौकोन पाडलेली. जेरीचं ते शिकारीचं रान : पाणकासवं, साप, बगळे. आता विमानतळ शेजारी आलाय. तरीही पाटाच्या कडेला दोन पाणकासवं ऊन खात होती आणि आमची चाहूल लागताच डुबुक करून खाली गेली. हाच मुलगा पुढे प्राण्यांना पकडण्यापेक्षा वाचवण्याच्या मागे लागला. त्याने १९५९मध्ये जर्सी बेटावर प्राणिसंग्रहालय उभं केलं, नामशेष होणाऱ्या जातींची पैदास करून त्यांना परत रानात सोडण्यासाठी. आसामातलं वीतभर उंचीचं रानडुक्कर, पिग्मी हॉग, त्याच्या संस्थेच्या कामातूनच पुन्हा गवताळ रानात गेलं. ते काम सुरू झालं १९९५मध्ये, तो गेला त्या वर्षी.

उद्या परतायचं. खोलीत छोटी शेगडी आहे. धाकटीने पिशवीच्या तळातून एक डबी काढली. पुण्याहून आणलेली, पाचफोडणाची. मला माहीतच नव्हतं. तिने बटाटे चिरले, इथल्याच ऑलिव्हच्या तेलात फोडणी टाकली. मेथी तडतडली, कलौंजीचा वास खोलीभर झाला, खिडकीतून बाहेर गेला. दोन मिनिटांत दारावर टकटक. घरमालकीणबाई. नाक वर करून, हातांनी विचारत होत्या, हे काय?

धाकटीने त्यांना बसवलं आणि बशीत भाजी दिली. त्यांनी दोनदा मागून घेतली. मग डबीकडे बोट दाखवलं. धाकटीने वर्तमानपत्राचा तुकडा फाडला, त्यात दोन चमचे पाचफोडण ओतलं आणि आई बांधायची तशी पुडी बांधून त्यांच्या हातात ठेवली.